न लागलेल्या कुस्त्या

महाराष्ट्र केसरीच्या यादीत १९८८ पुढे गाव अहमदनगर आणि मल्ल रावसाहेब मगर अशी नोंद आहे. १९८९ पुढे गाव आहे, वर्धा. मल्लाची जागा रिकामी. त्यानंतर विजेत्याचे नाव येते ते थेट १९९२ चे: पुणे, आप्पालाल शेख. १९६१ साली औरंगाबादला दिनकर दह्यारींपासून ही यादी सुरू झाली. त्यातली नावे कुस्तीशौकिनांना तोंडपाठ असतात, पण रिकाम्या ओळीकडे कोणाचे लक्ष जात नाही. त्या वर्षी जोर-बैठका मारून, खुराक खाऊन तयार झालेल्या मल्लांच्या न लागलेल्या कुस्त्या त्या ओळीत आहेत.

कुस्ती ‘लागते’ हा मराठी प्रयोग नेमका आहे. कुस्ती खेळतो मल्ल, पण ती लावतो दुसराच. गावच्या जत्रेत हे उघड्या डोळ्यांनी दिसते. उन्हे कलली की फडात हलगी घुमू लागते. लांग कसलेला एक पोरगा हात वर करून फडाभोवती फेरी मारतो. समोरून त्याच्या अंगालोटाचा दुसरा येतो. वजनकाटा नसतो. पंच दोघांना शेजारी उभे करतात, मान, खांदे, मांड्या नजरेने जोखतात, हातात हात देतात आणि इनामाचा आकडा पुकारतात. एखाद्याच्या वस्तादाला जोड पसंत नसली तर तो लांबूनच मान हलवतो आणि पोरगा हात सोडवून घेतो. जोड फिसकटते, हलगी पुढच्या जोडीसाठी वाजू लागते. गावच्या फडात असे घडले तर तासाभरात लोक विसरतात. जगज्जेतेपदाच्या बाबतीत घडले, तर शंभर वर्षे वाद चालतो.

असा सर्वांत मोठा वाद गामाचा. मराठी घरात अंगात मस्ती आलेल्या पोराला आजही ‘स्वतःला गामा समजतोस काय’ असे दटावतात. नाव इतके रुळले आहे, पण हा माणूस ज्या जगज्जेत्याशी लढण्यासाठी समुद्र ओलांडून गेला त्याच्याशी त्याची कुस्ती कधीच झाली नाही, हे फारसे कोणाला ठाऊक नसते.

१९१० साली बंगालचे धनिक शरत्कुमार मित्र यांच्या आश्रयाने गामा, त्याचा धाकटा भाऊ इमामबक्ष आणि आणखी काही मल्ल लंडनला पोहोचले. व्यवस्था आर. बी. बेंजामिन पाहत होता. गामाची उंची पाच फूट सात इंचांच्या आसपास, त्यामुळे तिथल्या स्पर्धेत त्याला घेण्याची आयोजकांची तयारी नव्हती. मग त्याच्या नावाने जाहीर आव्हान निघाले: कोणत्याही वजनाचे तीन मल्ल अर्ध्या तासात चीत करून दाखवीन. लोकांनी ही थाप मानली. पुढच्या आव्हानात नावेच घेतली गेली. त्यात पोलंडचा स्टॅनिस्लॉस झबिस्को होता आणि अमेरिकेचा फ्रँक गॉच होता. गॉच हा त्या काळचा मान्य जगज्जेता. एस्टोनियात जन्मलेल्या, ‘रशियन सिंह’ म्हणून गाजलेल्या जॉर्ज हॅकेनश्मिटला त्याने १९०८ साली शिकागोत दोन तासांच्या कुस्तीनंतर हार मानायला लावली होती.

गॉच आला नाही. आला तो अमेरिकेचाच डॉक्टर बेंजामिन रोलर. ८ ऑगस्ट १९१० रोजी अल्हंब्रा नाट्यगृहात गामाने त्याला पहिल्यांदा १ मिनिट ४० सेकंदांत आणि दुसऱ्यांदा ९ मिनिटे १० सेकंदांत चीत केले. हे आकडे महत्त्वाचे ठरतात, कारण रोलर पूर्वी गॉचशी लढलेला होता. न झालेली कुस्ती मापण्याची पट्टी लोकांना पहिल्यांदा हाती लागली.

दुसरी पट्टी झबिस्को. १ जून १९१० रोजी गॉचने त्याला शिकागोत हरवले होते. पहिली पकड तर काही सेकंदांतच निकाली झाली. झबिस्को हस्तांदोलनासाठी हात पुढे करत होता आणि गॉचने तेवढ्यात त्याला उचलले, असा वाद तेव्हा झाला. त्यानंतर साडेतीन महिन्यांच्या आत, १० सप्टेंबरला, हाच झबिस्को लंडनच्या व्हाइट सिटी स्टेडियमवर गामासमोर उभा राहिला. ‘जॉन बुल’ जगज्जेतेपदाचा पट्टा आणि अडीचशे पौंड पणाला लागले होते. झबिस्को वजनाने बराच भारी. सुरुवातीलाच खाली गेल्यावर तो पोटावर पडून गादीला चिकटला आणि चिकटूनच राहिला. गामा त्याला उलटवायला बघत होता, तो हात-पाय पसरून जमीन धरत होता. दोन तास पस्तीस मिनिटांच्या आसपास हे चालले. शेवटी कुस्ती सोडवावी लागली आणि पुढच्या शनिवारची तारीख ठरली.

१७ सप्टेंबरला गामा मैदानात आला, झबिस्को आला नाही. पट्टा गामाला देण्यात आला. अपूर्ण कुस्तीचा निकाल दुसऱ्याच्या गैरहजेरीने लागला, आणि गामाच्या जगज्जेतेपदाच्या पहिल्या पानावरच न लागलेली कुस्ती लिहिली गेली.

गॉच आणि गामा यांची कुस्ती का लागली नाही, याचे उत्तर धाडसात शोधण्यात अर्थ नाही. गॉच भित्रा नव्हता. पण जगज्जेतेपद ही त्याची शेती होती आणि पीक अमेरिकेत येत होते. ४ सप्टेंबर १९११ रोजी शिकागोच्या कोमिस्की पार्कवर त्याची हॅकेनश्मिटशी दुसरी कुस्ती झाली, तेव्हा सुमारे तीस हजार लोक जमले. हॅकेनश्मिट दुखऱ्या गुडघ्याने उतरला, हरला आणि आखाडा सोडून लेखनाकडे वळला. त्या एका दुपारच्या तिकिटविक्रीपुढे लंडनमधल्या भारतीय मल्लाच्या आव्हानाला काय किंमत राहणार? जिंकला असता तर गॉचचा मान वाढला नसता, हरला असता तर सगळेच गेले असते. शिवाय दोघांना एका फडात आणील असे कोणतेही सामायिक मंडळ तेव्हा नव्हते. १९१७ च्या डिसेंबरात, वयाच्या चाळिशीत गॉच वारला आणि वाद कायमचा अनिर्णित राहिला.

त्या काळात वर्णाचा प्रश्न वेगळा काढता येत नाही. मुष्टियुद्धात तो उघड होता. जॅक जॉन्सन या कृष्णवर्णीय मुष्टियोद्ध्याला जगज्जेत्या टॉमी बर्न्सचा पाठलाग करत सिडनीपर्यंत जावे लागले, तेव्हा कुठे २६ डिसेंबर १९०८ रोजी त्याला लढत मिळाली आणि तो जगज्जेता झाला. ४ जुलै १९१० रोजी, म्हणजे गामा-रोलर कुस्तीच्या महिनाभर आधी, त्याने रीनो येथे जेम्स जेफ्रीजला हरवले आणि अमेरिकेत दंगली उसळल्या. पण पुढे जॉन्सननेही सॅम लँगफर्ड या तितक्याच तयारीच्या कृष्णवर्णीय मुष्टियोद्ध्याला जगज्जेतेपदाची लढत दिली नाही. १९२० च्या दशकात जॅक डेम्प्सी आणि हॅरी विल्स यांची लढत करारापर्यंत जाऊन बारगळली. डेम्प्सीची लोकप्रियता अफाट होती. १९२६ साली फिलाडेल्फियात जीन टनीविरुद्धची त्याची लढत बघायला सुमारे १,२०,००० लोक आले. खेळाडू इतका लोकप्रिय झाला की त्याच्या भोवतीची माणसे त्याला धोक्यात घालायला तयार होत नाहीत. ज्या लोकप्रियतेमुळे मोठी लढत व्हावी, तीच लढत अडवते.

गामा-झबिस्को यांचे राहिलेले अखेर १९२८ साली पतियाळात पुरे झाले. महाराजा भूपिंदरसिंगांनी कुस्ती लावली आणि गामाने झबिस्कोला एका मिनिटाच्या आत पाडले. अठरा वर्षे राहिलेल्या प्रश्नाला एक मिनिट पुरले. इथे कुस्ती लागण्याचे कारणही दिसते: दोघांना बोलावून इनाम ठेवणारा एक धनी होता.

महाराष्ट्रात हे काम राजर्षी शाहू महाराजांनी केले. १९०२ च्या युरोप दौऱ्यात रोमचे प्राचीन क्रीडागृह पाहून आल्यावर त्यांनी कोल्हापुरात खासबाग मैदान उभारले. १९१२ साली पूर्ण झालेल्या या मैदानात मधला हौद उंच आणि भोवतालची बैठक उतरती आहे, त्यामुळे मागच्या माणसालाही लाल माती स्वच्छ दिसते. उद्घाटनाची कुस्ती लागली ती लंडनहून नाव कमावून आलेल्या इमामबक्षची, गुलाम मोहिद्दीनशी. इमामबक्ष जिंकला. कोल्हापूरच्या तालमींना त्यामुळे एक संस्कार मिळाला: मोठ्या मल्लाची जोड मोठ्याशीच लागली पाहिजे आणि ती लोकांसमोर निकाली झाली पाहिजे.

संस्थाने गेली आणि धन्याची जागा संघटनांनी घेतली. कागद, नियम, पदाधिकारी आले. त्यांची गरज किती आणि त्यांची उणीव किती महाग, हे १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये खाशाबा जाधवांना भोगावे लागले. जपानच्या शोहाची इशीईशी झालेल्या दमछाक करणाऱ्या कुस्तीनंतर लगेच त्यांना सोव्हिएत मल्ल रशीद मामेदबेकोव्हसमोर उभे केले गेले. दोन कुस्त्यांमध्ये अर्ध्या तासाची विश्रांती नियमात होती, पण ती मागायला भारताचा एकही पदाधिकारी जवळ नव्हता. खाशाबा हरले. तरी कांस्यपदक घेऊन आले, स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. गोळेश्वरला त्यांची मिरवणूक शंभराहून अधिक बैलगाड्यांची निघाली. पण विश्रांती घेतलेला खाशाबा आणि मामेदबेकोव्ह ही कुस्ती लागलीच नाही. तीस मिनिटांनी ती हुकली.

लागलेली कुस्ती काय करते, याचे उदाहरण बेळगावचे. १९७७ साली दिल्लीच्या गुरू हनुमान आखाड्याचा सत्पाल ऐन भरात होता. त्याच्याविरुद्ध उभे राहिले हरिश्चंद्र बिराजदार: १९६९ चे महाराष्ट्र केसरी, पण उमेदीचा काळ मागे पडलेले. सीमाभागातल्या त्या फडात बिराजदारांनी सत्पालला हरवले. ही जोड कोणी ‘आता कशाला’ म्हणून मोडली असती तर बिराजदार उत्तम मल्ल म्हणून ओळखले गेले असतेच, पण मराठी मुलखाची एक पिढी जी कुस्ती सांगत म्हातारी झाली ती घडलीच नसती.

याच कसोटीवर वर्ध्याची १९८९ ची ओळ वाचावी लागते. महाराष्ट्र केसरीच्या रचनेत माती विभागाचा विजेता आणि गादी विभागाचा विजेता शेवटी एकमेकांसमोर येतात आणि चांदीच्या गदेचा निकाल लागतो. म्हणजे राज्यातली सर्वांत मोठी जोड दरवर्षी आपोआप लागावी, अशीच ही व्यवस्था आहे. ती एखादे वर्ष थांबली की केवळ स्पर्धा जात नाही. मल्लाची ऐन उमेद पाच-सहा वर्षांची असते. त्यातले वर्ष गेले की त्या वर्षीची जोड पुन्हा जुळत नाही.

तेहतीस वर्षांनी महाराष्ट्राच्या कुस्तीत उलटा पेच उभा राहिला आणि त्यात पुन्हा वर्धा जिल्ह्याचे नाव आले. २०२२ साली भारतीय कुस्ती महासंघाने महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषद बरखास्त केली. महासंघाची मान्यता मिळालेल्या राज्य कुस्तीगीर संघाचे नेतृत्व रामदास तडस यांच्याकडे होते. तडस देवळीचे, तरुणपणी विदर्भ केसरी गाजवलेले मल्ल आणि त्या वेळी वर्ध्याचे खासदार. संस्थापक मामासाहेब मोहोळांच्या काळापासूनची जुनी परिषद मागे हटायला तयार नव्हती. वाद न्यायालयात गेला.

मल्लांच्या वाट्याला काय आले? जानेवारी २०२३ मध्ये पुण्यात माती विभागाच्या अंतिम कुस्तीत महेंद्र गायकवाडने सिकंदर शेखला हरवले. गायकवाडला दिलेल्या गुणांवरून राज्यभर वाद पेटला. मोहोळसारख्या गावातून कोल्हापूरच्या गंगावेस तालमीत आलेला सिकंदर तेव्हा लोकांच्या गळ्यातला ताईत होता आणि लोकांना पाहायची होती ती सिकंदर विरुद्ध गादी विभागाचा विजेता शिवराज राक्षे ही जोड. अंतिम फेरीत गायकवाडला हरवून राक्षे केसरी झाला. हवी असलेली जोड लागली ती नोव्हेंबरमध्ये फुलगावला, आणि सिकंदरने राक्षेला काही सेकंदांत चीत केले. पण त्याच महिन्यात धाराशिवला दुसरी महाराष्ट्र केसरी भरली आणि ती राक्षेने जिंकली. एका महिन्यात दोन केसरी, दोन गदा. १९८९ साली गाव होते आणि नाव नव्हते. २०२३ साली एका किताबाला दोन नावे झाली. दोन्हींतून लोकांच्या मनात उरते एकच: खरा कोण? दोन संघटना असल्या की सर्वोत्तम मल्ल वेगवेगळ्या फडांत जिंकत राहतात आणि त्यांची एकमेकांशी कुस्ती योगायोगावर राहते. मुष्टियुद्धात अनेक संस्थांचे अनेक पट्टे झाले आणि जगज्जेता कोण हे सांगणे अवघड झाले. महाराष्ट्राने तो रस्ता धरू नये, कारण इथे मल्ल घडतो तो गावाच्या वर्गणीवर आणि घरच्या दुधावर. त्याची जोड मोडणे म्हणजे त्या सगळ्यांचे कष्ट अर्ध्यावर सोडणे आहे.

या काळात एक नवी यादीही सुरू झाली. मार्च २०२३ मध्ये सांगलीला पहिली महिला महाराष्ट्र केसरी झाली आणि सांगलीचीच प्रतीक्षा बागडी जिंकली. ज्या मुलींना कालपर्यंत जत्रेच्या फडात जोडच मिळत नव्हती, त्यांच्यासाठी ही पहिली हक्काची मोठी कुस्ती होती. जानेवारी २०२५ मध्ये ही स्पर्धा वर्धा जिल्ह्यात, देवळीला आली. अंतिम जोड लागली अहिल्यानगरची भाग्यश्री फंड आणि कोल्हापूरची अमृता पुजारी यांची. ती पुरी झाली, निकाल लागला आणि गदा भाग्यश्रीच्या खांद्यावर गेली. पुरुषांच्या यादीतली १९८९ ची ओळ तशीच रिकामी आहे. महिलांच्या यादीत मात्र वर्धा जिल्ह्यातल्या गावापुढे आता एका मल्लाचे नाव आहे.