जागेवर राहिलेली वाळू

लातूर-नांदेडहून समुद्राकडे जायला वेगळी वाट शोधावी लागत नाही. लोहा, अहमदपूर, चाकूर, औसा ज्या महामार्गावर आहेत, तोच पुढे तुळजापूर, सोलापूर, मिरज, कोल्हापूर करत आंबा घाट उतरतो आणि रत्नागिरीला अरबी समुद्रापाशी संपतो. लातूरहून हे अंतर पाचशे किलोमीटरच्या आत-बाहेर भरतं, नांदेडहून आणखी दीडशेच्या आसपास. वाटेत मिरज लागतं. एप्रिल २०१६ मध्ये इथूनच कृष्णेचं पाणी भरून ‘जलदूत’ रेल्वे लातूरला आली होती. त्या उन्हाळ्यात घागरी घेऊन रांगेत उभं राहिलेलं कुणीही मिरज स्टेशनची पाटी नुसती वाचून पुढे जाऊ शकत नाही.

रत्नागिरी आली की आपल्याकडची मंडळी बहुधा ठरलेला कार्यक्रम करतात. आरे-वारेच्या चढावर थांबून फोटो, गणपतीपुळ्याला दर्शन, समुद्रात डुबकी आणि परत. ही डुबकी जिवावर बेतू शकते. तिथल्या लाटा पायाखालची वाळू ओढून नेतात, आणि नदीत पोहायला शिकलेल्याचा अंदाज समुद्रात चुकतो. त्यापेक्षा माझा आग्रह असा, की दर्शन घ्यावं, शेजारच्या मालगुंडला केशवसुतांचं जन्मस्थान पाहावं, आणि गाडी परत न फिरवता तशीच उत्तरेला जयगडकडे न्यावी. जयगडच्या किल्ल्याखाली शास्त्री नदीची खाडी आहे. फेरीबोटीत माणसं, दुचाक्या, गाड्या सगळंच चढतं आणि पलीकडे तवसाळला उतरतं. तिथून गुहागर तालुका सुरू होतो. हेदवीला टेकडीवर दशभुज गणपती आहे आणि खाली समुद्रकाठी बामणघळ, म्हणजे कातळातली अरुंद भेग. भरतीच्या वेळी लाट तिच्यात घुसते आणि पाणी उंच उसळतं. मग वेळणेश्वरचा वळणदार किनारा, आणि त्यानंतर गुहागर.

गुहागरचा किनारा वळत नाही. जवळजवळ सहा किलोमीटर वाळू सरळ रेषेत पडलेली आहे. गावही तसंच लांबट, किनाऱ्याला समांतर. एकच मुख्य रस्ता, दोन्ही बाजूंना उतरत्या छपरांची घरं, वरचा पाट आणि खालचा पाट अशा वस्त्या. मधोमध व्याडेश्वराचं पंचायतन पद्धतीचं देऊळ, अनेक कोकणस्थ घराण्यांचं कुलदैवत. रस्त्यावरून समुद्र दिसत नाही. एखाद्या घराच्या मागच्या दारातून नारळी-पोफळीच्या आगरात शिरायचं, पाटाच्या ओलीतून चालत सुरूच्या बनात यायचं, आणि बन संपलं की समोर पुळण, म्हणजे किनाऱ्याची वाळू.

ही पुळण ओहोटीच्या वेळी चालून पाहावी. पाण्याजवळची वाळू घट्ट असते, पाऊल जेमतेम उमटतं. वर सरकलं की ती भुसभुशीत होते आणि पोटऱ्या भरून येतात. मधल्या पट्ट्यात खेकड्यांची बिळं आणि बिळाभोवती त्यांनी टाकलेल्या वाळूच्या बारीक गोळ्या. त्याच्याही वर, भरतीचं पाणी सहसा पोहोचत नाही तिथे मर्यादवेल पसरलेली असते. जाड पानांची, जांभळ्या फुलांची ही वेल वाळू धरून ठेवते. वाऱ्याने उडणारे कण तिच्या पानांत अडकतात, वेल वर वाढते, आणि तिच्यामागे सुरू, सुरूमागे नारळ, नारळामागे घर. म्हणजे गावाचं पहिलं कुंपण ही वेल आहे आणि तिचा पाया वाळू.

मराठवाड्याच्या माणसाला ही वाळू वेगळी का दिसते, ते सांगायला हवं. आपल्याकडे वाळू ब्रासमध्ये मोजली जाते. गोदावरी आणि मांजरा यांच्या घाटांचे लिलाव होतात, लिलाव न होता उपसाही होतो. रात्री हायवा धावतात, तराफे लागतात, महसूलचं पथक येऊन तराफे जाळतं, काही दिवसांनी नवे तराफे येतात. बिलोली तालुक्यात येसगीच्या निजामकालीन पुलाखाली मांजरेची लाल रेती आहे. बांधकामाला चांगली म्हणून तिची ख्याती, आणि तीच ख्याती तिच्या जिवावर उठली. नदीच्या पात्रातली वाळू पावसाळ्यात पाणी पिते आणि उन्हाळ्यात हळूहळू आजूबाजूच्या विहिरींना देते. वाळू गेली की पूर आलेलं पाणी तसंच वाहून जातं आणि काठावरच्या विहिरी लवकर आटतात. लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं, त्याचं मुख्य कारण सलग दुष्काळ आणि मांजरा धरणाने गाठलेला तळ. पण खरवडलेली पात्रं असताना तो दुष्काळ सोसणं आणखी जड गेलं, यात मला शंका नाही. जगभरात बांधकामासाठी दरवर्षी अंदाजे ५० अब्ज टन वाळू-खडी लागते, असं संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२२ च्या अहवालात म्हटलं होतं. त्या आकड्यात आपली मांजराही आली.

गुहागरला वाळू जागेवर राहिली. ती राहिल्याने काय होतं, हे हिवाळ्यातल्या रात्री कळतं. साधारण नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत ऑलिव्ह रिडले जातीच्या समुद्री कासवाच्या माद्या रात्री इथे वर येतात. भरतीच्या रेषेच्या वर मागच्या पायांनी दीडेक फूट खोल खड्डा करायचा, शंभराच्या आसपास अंडी घालायची, खड्डा बुजवायचा आणि परत समुद्रात जायचं. पिल्लांची भेट नाही, राखण नाही. पुढचे ४५ ते ६० दिवस सगळं काम वाळू करते. उब ती देते, ओल तीच राखते. इतकंच नव्हे, पिल्लू नर होणार की मादी, हेही वाळूचं तापमान ठरवतं. वाळू जास्त तापली तर माद्या अधिक, थंड राहिली तर नर अधिक.

कोकणात ही घरटी वाचवण्याचं काम चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ संस्थेने २००२ मध्ये वेळासला सुरू केलं. त्याआधी अंडी खाल्ली आणि विकली जात. आता वनविभाग आणि गावोगावचे कासवमित्र पहाटे किनारा चालून मादीचे माग शोधतात. कोल्ही-कुत्री, भरतीचं पाणी यांच्यापासून धोका असेल तर अंडी उचलून जाळीच्या कुंपणातल्या खड्ड्यात, त्याच खोलीवर पुरतात. गुहागर आज राज्यातल्या सर्वाधिक घरट्यांच्या किनाऱ्यांपैकी एक आहे.

फेब्रुवारी २०२३ मध्ये भारतीय वन्यजीव संस्था आणि कांदळवन प्रतिष्ठान यांनी इथून ‘गुहा’ आणि ‘बागेश्री’ या दोन माद्यांच्या पाठीवर उपग्रहाला संदेश देणारी यंत्रं बसवून त्यांना सोडलं. बागेश्री दक्षिणेला गेली, श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात शिरली. आणि जानेवारी २०२५ मध्ये उलट दिशेची वर्दी मिळाली. गुहागरच्या वाळूत अंडी घालायला आलेल्या एका मादीच्या पायाला ०३२३३ क्रमांकाची पट्टी होती. ती पट्टी २०२१ मध्ये ओडिशाच्या गहिरमाथा किनाऱ्यावर बसवलेली. पूर्वेचं आणि पश्चिमेचं कासव वेगवेगळं, असं तोवर धरून चालायचे. ही मादी साडेतीन हजार किलोमीटरचा समुद्र पार करून आली असावी, असा अंदाज आहे.

आपली गोदावरी ज्या समुद्राला मिळते, त्याच समुद्रातून ही मादी आली होती. नांदेडच्या घाटावर उभं राहून कोकणाशी आपला काय संबंध, असं विचारणाऱ्याला मी ही गोष्ट सांगतो.

हल्ली लातूर-नांदेडची कुटुंबंही सुट्टीला व्हिएतनामला जाऊ लागली आहेत. तीन हजार किलोमीटरहून लांब किनारा, दा नांगची रुंद पुळण. जरूर जावं. पण जाणाऱ्याने जवळच्या होई आनमध्ये कुआ दाईचा किनाराही पाहावा. एकेकाळी तिथेही लांब-रुंद वाळू होती. थू बोन नदीवर वर धरणं झाली, पात्रातून वाळू उपसली गेली, समुद्राला मिळणारा गाळ घटला आणि लाटांनी किनारा खाल्ला. हॉटेलांपुढे वाळूची पोती आणि भिंती रचाव्या लागल्या. नदीत काढलेली वाळू समुद्रकाठी कमी पडते, हा हिशोब तिथे उघड्या डोळ्यांनी दिसतो.

गुहागरला जायचं तर फेब्रुवारीअखेर ते एप्रिल हे दिवस निवडावेत. पिल्लं सोडण्याची वेळ पहाटेची आणि संध्याकाळची, तीही त्या दिवशी घरट्यातून पिल्लं वर आली तरच. म्हणून एका मुक्कामात दिसतीलच असं नाही, दोन रात्री हाताशी ठेवाव्यात. घरगुती खानावळी आहेत, आधी कळवलं तर उकडीचे मोदक मिळतात, सकाळी घावन-चटणी. किनाऱ्यावर रात्री टॉर्च आणि मोबाइलचा उजेड नको. समुद्राचं उजळ क्षितिज पाहून पिल्लं दिशा धरतात, दुसरा उजेड दिसला की ती जमिनीकडे वळतात. पिल्लं हातात घेऊ नयेत, फोटोसाठी तर नाहीच. वाळूवर गाडी घालू नये. रुतते म्हणून नव्हे, चाकाखाली घरटं असू शकतं म्हणून. परतताना आंबा घाटानेच यायला हवं असं नाही. गुहागरहून निघणारा विजापूरचा महामार्ग चिपळूणवरून कुंभार्ली घाट चढून कराडला आणतो, आणि तिथून पंढरपूरमार्गे सोलापूर गाठता येतं.