वायफाय एकच, तरी पडदा सापडत नाही

नवीन पनवेलमधील एखाद्या महाविद्यालयाचा वर्ग डोळ्यांसमोर आणू. भिंतीवर मोठा दूरचित्रवाणी संच आहे आणि त्याच्या पाठीमागे बोटभर लांबीचे बिनतारी उपकरण खोचलेले आहे. घरी असले उपकरण मोबाइलवरचे चित्र क्षणात पडद्यावर आणते. वर्गात मात्र प्राध्यापकांच्या मोबाइलला समोरचा पडदा दिसतच नाही. अंतर जेमतेम चार मीटर, वायफायचे नावही एकच. मग अडते कुठे? पहिला संशय उपकरणावर जातो, दुसरा वायफायच्या वेगावर. बहुधा दोन्ही निर्दोष असतात.

घरी हे काम कसे चालते ते आधी पाहू. मोबाइलला पडद्याचा पत्ता ठाऊक नसतो. म्हणून तो जाळ्यात हाक देतो, ‘चित्र दाखवणारे कोणी आहे का?’ ही हाक २२४.०.०.२५१ या सामायिक पत्त्यावर जाते आणि त्या पत्त्याकडे कान लावून बसलेली सर्व उपकरणे ती ऐकतात. पडद्यामागचे उपकरण ओ देते, आपला पत्ता सांगते. पुढचे बोलणे त्या दोघांतच होते. या पद्धतीचे नाव एमडीएनएस. २०१३ साली तिचा इंटरनेटच्या मानकांत समावेश झाला. तिची एक अट लक्षात ठेवू: हाक जाळ्याच्या त्याच विभागात ऐकू जाते, राउटर ती पुढे पाठवत नाही.

जुन्या पनवेलातल्या वाड्यांत चौकात उभे राहून हाक मारली की सगळ्या बिऱ्हाडांना ऐकू जाई. चौकात आला म्हणजे तो आपल्यापैकीच, असे धरून चालत. घरच्या वायफायचे गृहीतक हेच आहे. महाविद्यालयाचे सुरक्षित जाळे मात्र नवीन पनवेलमधल्या टोलेजंग गृहसंकुलासारखे असते. फाटकावर रखवालदार, नोंदवही आणि आत प्रत्येकाचे दार बंद.

फाटकावरच्या नियमाचे नाव ८०२.१एक्स, हे मानक २००१ सालचे. त्यात सर्वांसाठी एक परवलीचा शब्द नसतो. प्रत्येक व्यक्ती स्वतःच्या नावाने ओळख पटवते आणि तिला स्वतंत्र किल्ली मिळते. युरोपात सुरू झालेली एज्युरोम ही सोय याच पायावर उभी आहे. तिच्यामुळे पाहुण्या प्राध्यापकाला आपल्या संस्थेच्या ओळखीवर दुसऱ्या संस्थेचे वायफाय वापरता येते. भारतात ती अर्नेट चालवते. (१९८६ साली सुरू झालेल्या या जाळ्याच्या पहिल्या सहभागी संस्थांत मुंबईचे राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र आणि पवईचे आयआयटी होते, हे जाता जाता.) पण पडद्यामागचे उपकरण कोणाचे नाव सांगणार? २०१३ साली आलेल्या आणि २०२४ साली उत्पादन थांबलेल्या क्रोमकास्टला ही ओळख पटवण्याची सोयच नव्हती. ज्या उपकरणांना ती असते, त्यांत एखादे प्राध्यापक नाइलाजाने स्वतःचे नाव व परवलीचा शब्द भरून ठेवतात. मग त्या पडद्यावरून जे जे होईल ते त्यांच्याच नावावर जमा होते. असे मुळीच करू नये.

समजा, उपकरण आत आले. तरी सुरक्षित जाळ्यात एका वायफाय ग्राहकाला दुसऱ्याशी थेट बोलू न देण्याची प्रथा असते. शिवाय प्राध्यापक, विद्यार्थी आणि उपकरणे यांचे विभाग वेगळे असतात. यामागे केवळ संशय नाही, साधा हिशेबही आहे. सर्वांसाठीची हाक दूरच्या मोबाइललाही कळावी म्हणून वायफाय ती सर्वात मंद वेगाने पाठवते. हा वेग सेकंदाला १० लाख बिट धरू. २५० बाइटची हाक म्हणजे २००० बिट. तिला २ सहस्रांश सेकंद लागतील. एका विभागातल्या ५०० मोबाइलांनी सेकंदाला एकेक हाक दिली, तर पूर्ण सेकंद हाकांतच संपेल! वर्गात करून घेण्यासारखे हे गणित आहे.

आणि सगळी दारे उघडलीच तर? मोबाइलवर संकुलातल्या सर्व पडद्यांची यादी येईल. वसतिगृहात बसलेला एखादा वात्रट मुलगा साठ मुलांसमोर चालू असलेल्या तासात हवे ते चित्र टाकू शकेल. अडचणीचे मूळ इथे आहे. रेडिओ लहरी भिंती ओलांडतात, त्यामुळे ‘एका खोलीत असणे’ म्हणजे काय हे जाळ्याला कळत नाही. २०१२ साली अमेरिकेतील विद्यापीठांची जाळी सांभाळणाऱ्यांनी ॲपलकडे सामुदायिक अर्ज करून, घरासाठी बेतलेली ही पद्धत मोठ्या जाळ्यांत चालावी अशी मागणी केली होती.

त्यानंतर निघालेल्या वाटांपैकी आम्हाला सर्वात आवडते ती आवाजाची. काही यंत्रणा २० हजार हर्ट्झच्या आसपासचा, आपल्या कानांना ऐकू न येणारा ध्वनी खोलीत सोडून मोबाइलला पडद्याची ओळख देतात. हा ध्वनी भिंतीपलीकडे फारसा जात नाही. भौतिकशास्त्रातला एक दुर्गुण इथे गुण ठरला! त्याहून सोपी युक्ती म्हणजे पडद्यावर चार अंक दाखवायचे. जो ते पाहू शकतो तोच ते मोबाइलवर टाइप करू शकतो. अर्थात वर्गातली मुलेही ते पाहू शकतात, म्हणून अंक दर वेळी बदलले पाहिजेत. हाकेसाठी जाळ्यात एक मध्यस्थही ठेवता येतो. तो हाक ऐकून केवळ जवळच्या पडद्यांची नावे कळवतो. २०१२ सालची मिराकास्ट पद्धत महाविद्यालयाच्या जाळ्याला वगळून मोबाइल आणि पडदा यांना थेट जोडते, पण तीही त्याच गर्दीच्या हवेतून बोलते.

वैतागून घरचा जुना राउटर आणून वर्गातल्या भिंतीवरच्या जाळ्याच्या खाचेत जोडण्याचा मोह होतो. ते म्हणजे संकुलाच्या मागच्या कुंपणाला रखवालदाराविना दार पाडणे. त्यापेक्षा जाळे सांभाळणाऱ्याकडे जाऊन उपकरणाची नोंद करावी आणि त्याच्यासाठी वेगळ्या विभागातली वेगळी किल्ली मागावी. नोंद होईपर्यंत एचडीएमआयची पाच मीटरची तार पुरते. तिला परवलीचा शब्द लागत नाही. फक्त तिच्यात कोणाचा पाय अडकणार नाही एवढे पाहावे लागते.