काक्षीची प्रत

भिवंडीतून तारे दिसत नाहीत, असं भिवंडीकरच आधी सांगतात. खोटं नाही ते. माणकोली-अंजूरकडची गोदामं रात्रभर लखलखत असतात आणि गावातले यंत्रमाग रात्रपाळीतही खडखडत असतात. २००७ च्या जानेवारीत वीजवितरण खासगी कंपनीकडे गेलं. त्याआधीच्या भारनियमनाला लोकांनी शिव्या घातल्या, पण अंधार तरी फुकट मिळायचा. आता आकाशगंगा पाहायची तर वांगणी-नेरळकडे जावं लागतं.

मला मात्र आकाशगंगा नकोच असते. मला एक तारा पुरतो: काक्षी, मृगाच्या चार पायांतला तांबूस पाय. हा रूपविकारी तारा आहे, म्हणजे त्याचं तेज कमीजास्त होतं. ते मोजायला दुर्बीण लागत नाही, नुसते डोळे पुरतात. अशा नोंदी अमेरिकेतली एक संस्था १९११ पासून जगभरच्या हौशी लोकांकडून गोळा करते आहे.

रीत साधी आहे. गच्चीवर शेजारच्या कारखान्याच्या दिव्याकडे पाठ करून पंधरा-वीस मिनिटं नुसतं बसायचं. मग काक्षीहून थोडा तेजस्वी आणि थोडा मंद असे दोन तारे निवडायचे. मी प्रश्वा आणि रोहिणी घेतो. प्रश्वाची प्रत, म्हणजे तेजाचा आकडा, साधारण ०.४, रोहिणीची ०.९. प्रत जितकी मोठी तितका तारा मंद, हे नवख्याला पचायला वेळ लागतो. या दोघांमधलं अंतर मनात पाच भागांत वाटायचं. काक्षी प्रश्वाच्या खाली दोन भाग वाटला तर ०.६ लिहायचं. शेजारी वेळ आणि तुलनेचे तारे. तांबड्या ताऱ्याकडे टक लावायची नाही. रोखून पाहिलं की तो उगाच उजळ वाटू लागतो. नजर भरभर फिरवायची. तिन्ही तारे सारख्या उंचीवर आले तर बरं, कारण क्षितिजाजवळची हवा तेज खाते. भिवंडीची तर जास्तच.

यातली सगळ्यात कडक शिस्त म्हणजे कालचा आकडा न पाहणं. काल ०.६ होता हे माहीत असलं की आजही ०.६ च दिसतो. जिना चढायची सवय हवी, पाहायची सवय मात्र रोज मोडावी लागते. २०१९ च्या हिवाळ्यात काक्षी मंद होऊ लागला आणि फेब्रुवारी २०२० मध्ये १.६ पर्यंत उतरला, मृगाचाच दुसरा एक पाय आहे जवळपास तितका. एरवी रोहिणीला मागे टाकणारा हा तारा तिच्यामागे पडला होता. ताऱ्यानेच बाहेर टाकलेल्या वायूची धूळ झाली आणि ती आड आली, असा उलगडा पुढे शास्त्रज्ञांनी केला. ‘नेहमीचाच तर आहे’ म्हणणाऱ्याला हे महिनोन्महिने कळलं नसतं.

आकाशाकडे असं तपासून पाहणं भिवंडीला नवं नाही. रमजानच्या २९ व्या संध्याकाळी गच्च्या भरतात आणि पोरं ईदचा चंद्र फार वर शोधतात. म्हातारी माणसं थेट मावळतीच्या कडेला बोट दाखवतात. तरी साक्ष द्यायला गेलं की कुठे, केव्हा, कसा दिसला, हे विचारतातच. एक जुनी कथा आहे: प्रेषितांचे वृद्ध सहकारी अनस यांना चंद्र दिसला, बाकी कुणालाच नाही. काझी इयास यांनी त्यांच्या भुवईचा एक पांढरा केस हळूच बाजूला सारला आणि ‘आता दाखवा’ म्हटलं. चंद्र गेला होता.

माझ्या वहीत दर वर्षी एक कोरा पट्टा असतो. मे संपता संपता काक्षी सूर्याच्या उजेडात बुडतो. ७-८ जूनला सूर्य मृगात जातो, शेतकरी ‘मृग लागला’ म्हणतात आणि सगळा तालुका भातपेरणीसाठी वर पाहू लागतो, तेव्हा खरा मृग दिवसा डोक्यावर असतो. मग ढग. पहाटे उठायची तयारी असेल तर सप्टेंबरच्या उघडिपीत तो पूर्वेला सापडतो. मी बहुधा नोव्हेंबरची वाट पाहतो.