छतातल्या खिडकीचं गणित

शोरूममध्ये बटण दाबलं की सनरूफची काच सरकते, आकाश दिसतं आणि गाडीचा सौदा तिथेच पक्का होतो. पण विदर्भातल्या एप्रिल-मेच्या उन्हात या महागड्या काचेपेक्षा तिच्याखालचा साधा पडदाच जास्त राबतो.

गडद काच बरंचसं ऊन शोषून घेते, स्वतः तापते आणि खाली बसलेल्यांच्या डोक्यावर झळ सोडत राहते. ती झळ अडवणं हे पडद्याचं काम. छोट्या सनरूफखाली तो म्हणजे छताच्याच कापडाने मढवलेली, हाताने सरकवायची फळी. क्रेटा किंवा हेक्टरसारख्या गाड्यांच्या पॅनोरमिक छतात एवढी मोठी फळी सरकवायला जागाच नसते, म्हणून रोलरवर गुंडाळणारं कापड येतं. त्याच्या दोन्ही कडा रुळांत अडकवून ते ताणून ठेवावं लागतं, नाहीतर मधोमध झोळ येतो. टेस्लाने मॉडेल 3 मध्ये पडदा दिलाच नाही, सगळी भिस्त काचेवर ठेवली. पण जाळीचा पडदा कंपनी वेगळा विकते! मर्सिडीजने 2011 च्या एसएलकेमध्ये बटण दाबताच गडद होणारी काचही देऊन पाहिली.

खरी हुशारी आहे ती टिल्टमध्ये. काचेची फक्त मागची कड थोडीशी वर उचलली जाते. धावत्या गाडीच्या छतावरून हवा वेगाने जाते, तिथला दाब कमी होतो आणि छताशी साचलेली गरम हवा फटीतून बाहेर ओढली जाते. काही फळ्यांना बारीक चिरा असतात. पडदा लावूनही हवा खेळती राहावी, म्हणून ही सोय. रोजच्या वापरात पूर्ण उघड्या छतापेक्षा टिल्टच अधिक उपयोगी.

छत पूर्ण उघडलं, की ठरावीक वेगाला कानात धब-धब दडपण जाणवतं. रिकाम्या बाटलीच्या तोंडावरून फुंकर मारल्यावर ती घुमते, तशी इथे अख्खी केबिन घुमते. काच मागे सरकताच पुढच्या कडेला उभी राहणारी जाळी किंवा पट्टी हवेचा हा सलग झोत फोडते. तरीही दडपण वाटलंच, तर मागची खिडकी बोटभर खाली केली की पुरतं.

पावसाचं पाणी मात्र काचेभोवतीचं रबर पूर्णपणे अडवत नाही आणि तशी अपेक्षाही नसते. आत झिरपलेलं पाणी चौकटीच्या पन्हाळीत उतरतं आणि कोपऱ्यांतल्या नळ्यांमधून गाडीखाली जातं. झाडाखाली उभ्या गाडीत पानांचा चुरा या नळ्या बुजवतो, मग पायाखालचं कार्पेट ओलं होतं. जूनआधी पन्हाळ ओल्या फडक्याने पुसून घ्यावी. नळीत तार घालू नये की जोराची हवाही मारू नये, कारण आतला सांधा निखळला तर छताचं अस्तर उतरवावं लागतं.