प्रदर्शनाच्या कालवडीचा खुराक

मार्गशीर्षात माळेगावला खंडोबाची जत्रा भरते. नांदेड, लातूर, परभणीकडची मंडळी आपली निवडक जनावरे घेऊन तिथे येतात. देवणी आणि लालकंधारी गुरांचे प्रदर्शन हा त्या जत्रेतला मोठा सोहळा. पण जत्रा मार्गशीर्षात असली तरी कालवडीची तयारी आषाढ-श्रावणातच सुरू होते, आणि तिथेच पहिली चूक होते. ती चूक एकदा माझ्याही हातून झाली आहे, म्हणून आज हा विषय घेतला.

नोकरीच्या सुरुवातीची गोष्ट. एका गावात एक देवणी कालवड होती, वानेरा वाणाची. तोंडाच्या दोन्ही बाजू काळ्या, बाकी अंग पांढरेशुभ्र. वय वर्षाचे. मालक म्हणाले, ‘‘साहेब, औंदा हिला माळेगावला न्यायची. काय घालू?’’ मी जोशात सांगून बसलो, ‘‘पेंड घाला, मका घाला, हात आखडू नका.’’ त्यांनी हात आखडला नाही. रोज चार किलो आंबोण, वर गूळ आणि कणकेचे गोळे. कालवड लोण्याच्या गोळ्यासारखी झाली, बक्षीसही घेऊन आली. पुढे मात्र ती माजावर नीट येईना. दोनदा भरवली, दोनदा उलटली. अखेर तिसऱ्या वर्षी व्याली, तेव्हा कास मोठी दिसे पण धार निघेना. मालकांनी मला एका शब्दाने बोल लावला नाही. लावला असता तर बरे वाटले असते.

असे का झाले? कालवड तीन-चार महिन्यांची झाल्यापासून पहिल्या माजावर येईपर्यंत तिच्या कासेत दूध तयार करणाऱ्या पेशींची झाडासारखी वाढ होत असते. याच दिवसांत अंगावर फार चरबी चढली तर कासेतली जागा चरबी अडवते, आणि दुधाच्या पेशी मागे पडतात. मागाहून कितीही चारले तरी ती वाढ भरून येत नाही. देवणी ही दूध आणि ओढकाम दोन्हींसाठी राखलेली जात. तिच्या कालवडीची कास घालवून रिबीन मिळवणे म्हणजे बियाण्याची ज्वारी दळून खाणे झाले.

मग घालायचे किती? त्यासाठी आधी वजन कळले पाहिजे. गावात वजनकाटा नसतो, पण शिंप्याची टेप असते. पुढच्या पायांच्या मागून छातीचा घेर इंचात घ्या. मग खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंत लांबी घ्या. घेराला घेराने गुणा, त्याला लांबीने गुणा, आणि ६६० ने भागा. येईल ते वजन किलोत. घेर ५० आणि लांबी ४२ इंच असेल तर वजन साधारण १६० किलो भरते. दर पंधरा दिवसांनी, सकाळी चारण्याआधी मोजा आणि गोठ्याच्या भिंतीवर कोळशाने लिहून ठेवा. आपल्या देशी कालवडीने दिवसाला साडेतीनशे ते चारशे ग्रॅम वाढावे, म्हणजे चार महिन्यांत पंचेचाळीस-पन्नास किलो. याहून फार वेगाने वाढली तर खूश होऊ नका, आंबोण कमी करा.

अशा १६० किलोच्या कालवडीला पाणी वजा जाता चार ते पावणेपाच किलो कोरडे खाद्य लागते. मी असे सांगेन: ज्वारीच्या कडब्याची कुट्टी अडीच किलो, हिरवा लसूणघास पाच किलो आणि आंबोण एक किलो. एवढेच. आंबोण थोडे वाटेल, पण हिशेब पाहा. कडब्यात प्रथिने शेकडा तीन-चार, म्हणजे तो पोट भरतो, अंग भरत नाही. लसूणघासात, वाळवून धरल्यास, शेकडा अठरा ते वीस. खरे बांधकाम लसूणघास करतो, पेंडीने फक्त गिलावा करायचा. ज्याच्या विहिरीला पाणी आहे त्याने चार गुंठे लसूणघास लावला तर पेंडीचा निम्मा खर्च वाचतो.

आंबोण घरी करायचे तर शंभर किलोला मक्याचा भरडा ३५, सरकीची पेंड २०, भुईमुगाची पेंड १२, गव्हाचा कोंडा किंवा तुरीची चुणी ३०, खनिज मिश्रण २ आणि मीठ १ किलो. यात प्रथिने शेकडा सतराच्या आसपास येतात. खनिज मिश्रणाला पुष्कळ जण ‘दगडाची भुकटी’ म्हणून हसतात. पण वाढत्या जनावराच्या पायांची हाडे त्यातल्या चुन्या-स्फुरदावरच उभी राहतात, आणि पंच पहिल्यांदा पाहतात ते पाय आणि चाल.

आता पेंडीविषयी थोडे सांगतो, कारण बाजारात फसवणूक होते ती इथेच. भुईमुगाची पेंड हातात घेऊन मोडा आणि वास घ्या. कुबट वास आला, आत हिरवट-काळी बुरशी दिसली, तर फुकट दिली तरी घेऊ नका. इंग्लंडात १९६० साली लाखभर टर्की पक्षी मेले, तेव्हा भुईमुगाच्या पेंडीतल्या बुरशीचे विष प्रथम ध्यानात आले. ते यकृत खाते. उन्हात वाळवून किंवा पाण्यात भिजवून ते जात नाही. सरकीची पेंड चांगली, पण चार महिन्यांच्या आतल्या वासराला देऊ नये. त्याचे पोट ती पचवण्याइतके तयार झालेले नसते.

हिरव्या चाऱ्यातही दोन धोके आहेत. दव पडलेला कोवळा लसूणघास रिकाम्या पोटी घातला की पोट फुगते. आधी कडबा, मग लसूणघास. आणि पावसाने ताण दिलेली कोवळी ज्वारी, किंवा कापणीनंतर बुडख्यातून फुटलेले धुमारे, यांच्याजवळ जनावर फिरकू देऊ नका. त्यातल्या विषाने उभे जनावर घटकाभरात आडवे होते, डॉक्टर येईपर्यंत सारे संपलेले असते. ज्वारी फुलोऱ्यावर आल्यावर मग खुशाल कापा.

कोणताही नवा पदार्थ आठ-दहा दिवसांत हळूहळू वाढवावा. कालवडीच्या मोठ्या पोटात कोट्यवधी सूक्ष्म जीव चारा आंबवत असतात. त्यांनाही नव्या खाद्याची सवय व्हावी लागते. लग्नातला उरलेला भात-पोळी एकदम पुढे ओतली की पोटात आंबट होते आणि जनावर दगावते. प्रदर्शनाच्या आदल्या रात्री ‘पोट भरलेले दिसावे’ म्हणून धान्य कोंबणारे हेच करतात.

कातडीच्या चकाकीबद्दल हमखास विचारतात. मूठभर जवस उकळून आंबोणात घालावा. कच्चा भिजवून घालू नये. पण त्याहून उपयोगी म्हणजे जंताचे औषध, गोचिडांचा बंदोबस्त आणि रोजचा खरारा. जंताने पोट पोखरलेल्या कालवडीला तूप पाजले तरी केस राठच राहतात.

बेत बरोबर आहे की नाही, हे हाताने पाहावे. बरगड्यांवर तळवा फिरवा. बरगड्या बोटांना सहज लागल्या पाहिजेत, डोळ्यांना मात्र शेवटच्या एक-दोनच दिसाव्यात. बोटे चरबीत रुतू लागली, शेपटीच्या मुळाशी गादी आली, की आंबोण निम्मे करायचे. जत्रा पुढे आठ दिवसांवर असली तरी.

जत्रेला निघताना कडबा, आंबोण आणि घमेले घरचेच घ्या. परक्या ठिकाणचे पाणी जनावर पीत नाही. घरी असतानाच चार दिवस पाण्यात गुळाचा खडा टाकायची सवय लावा आणि तिथेही तसाच टाका. थंडीतही पंधरा-वीस लिटर पाणी पोटात गेले पाहिजे. पंचांपुढे नेण्याआधी दोन तास आंबोण बंद, कुट्टी थोडी आणि पाणी पोटभर.