प्रश्न विचारणारा कुठे बसतो? : स्वतंत्र रॉक पॉडकास्टविषयी

आपल्या मंडळात कवितेचं रसग्रहण असलं की एक प्रश्न हमखास निघतो. कवीला काय म्हणायचं होतं ते महत्त्वाचं, की आपल्याला काय कळलं ते? दर वेळी वाद रंगतो आणि चहा आला की तिथेच थांबतो. हाच वाद गाण्यांच्या बाबतीत चाललेला ऐकायचा असेल, तर स्वतंत्र रॉक पॉडकास्ट ऐका. कलाकाराशी निवांत बोलणारे, एकेक गाणं किंवा अख्खा अल्बम उलगडून दाखवणारे हे कार्यक्रम मी गेली तीन वर्षं ऐकतेय. ते कसे चालतात, त्यांचे प्रकार कोणते आणि बेळगावात बसून मराठी वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या आपल्याला त्यांच्याकडून काय घेता येईल, हे या लेखात सांगते.

मुळात पॉडकास्ट म्हणजे काय?

'पॉडकास्ट' हा शब्द २००४ मध्ये बेन हॅमर्सली या पत्रकाराने ब्रिटनच्या 'गार्डियन' वर्तमानपत्रात पहिल्यांदा वापरला. ॲपलचा आयपॉड आणि ब्रॉडकास्ट यांची ही जोडणी. त्यामागचं तंत्र साधं आहे. ध्वनिफीत इंटरनेटवर कुठेतरी ठेवायची आणि तिचा पत्ता 'आरएसएस' नावाच्या एका यादीत लिहायचा. ऐकणाऱ्याचं ॲप ती यादी अधूनमधून तपासतं आणि नवा भाग आला की दाखवतं. घरी टपालाने येणाऱ्या मासिकासारखंच म्हणा ना.

पण यात एक मोठी गोष्ट आहे. रेडिओ केंद्र काढायचं तर परवाना लागतो, मनोरा लागतो, जाहिरातदार लागतात. त्यामुळे सगळ्यात जास्त लोकांना आवडेल तेच वाजवावं लागतं. पॉडकास्टला यातलं काही लागत नाही. ऐकणारे थोडे असले तरी चालतात, फक्त ते मनापासून ऐकणारे हवेत. जे बँड मोठ्या कंपनीशिवाय स्वतःचं संगीत स्वतः काढतात, त्यांच्यासाठी ही जागा म्हणूनच सोयीची ठरली.

पहिला प्रकार : विचारणारा अदृश्य होतो

'साँग एक्स्प्लोडर' हा कार्यक्रम हृषिकेश हिरवे यांनी २०१४ च्या जानेवारीत सुरू केला. नाव वाचून तुमचे कान टवकारले असतील! ते अमेरिकेत वाढलेले संगीतकार आहेत आणि 'द वन एएम रेडिओ' या नावाने स्वतःची गाणी करत आले आहेत. पहिला भाग 'द पोस्टल सर्व्हिस' या बँडच्या एका गाण्यावर होता. पुढे मेटॅलिका, यू-टू, आर.ई.एम. अशी मोठी नावंही आली.

त्यांची पद्धत अशी. कलाकाराकडून गाण्याचे सुटे ट्रॅक मागवायचे, म्हणजे ड्रम वेगळा, बेस वेगळा, गिटार वेगळी, आवाज वेगळा. मग कलाकाराची सविस्तर मुलाखत घ्यायची. संपादन करताना स्वतःचे सगळे प्रश्न काढून टाकायचे. उरतो फक्त कलाकाराचा आवाज आणि त्याच्या बोलण्यातून डोकावणारे ते सुटे ट्रॅक. शेवटी संपूर्ण गाणं वाजतं.

ज्यांनी चर्चच्या क्वायरमध्ये गायलंय त्यांना यातली गंमत लगेच कळेल. नुसता आल्टोचा भाग एकटा ऐकला तर तो विचित्र, अर्धवट वाटतो. मग चारही भाग एकत्र आले की कळतं, अरे, हा सूर तिथे नसता तर सगळंच पोकळ वाटलं असतं. हा पॉडकास्ट तेच करतो. तोच भाग संपताना वाजलेलं तेच गाणं आता वेगळं ऐकू येतं.

यातूनच २०२० मध्ये नेटफ्लिक्सवर एक मालिका आली. तिच्या एका भागात आर.ई.एम.च्या 'लूझिंग माय रिलिजन' या १९९१ च्या गाण्याची गोष्ट आहे. पीटर बक हा मूळचा गिटारवादक. तो मँडोलिन नव्याने शिकत होता आणि टीव्ही बघता बघता वाजवलेल्या तुकड्यांतून या गाण्याची मुख्य धून सापडली. गोव्याशी नातं असलेल्या आमच्यासारख्या घरांत मँडोलिन परकी नाही, त्यामुळे हे ऐकून मला उगाचच आपुलकी वाटली.

त्याहून महत्त्वाचं आहे ते शीर्षक. ते वाचून हे गाणं धर्माविरुद्ध असणार असं कुणालाही वाटेल. माझ्या ओळखीतल्या काही मोठ्या माणसांना तसंच वाटतं. प्रत्यक्षात अमेरिकेच्या दक्षिण भागात हा वाक्प्रचार 'संयम सुटणं, अगदी टोकाला येणं' या अर्थाने वापरतात. गाणं लिहिणारा मायकेल स्टाइप सांगतो की ते एकतर्फी प्रेमाबद्दल आहे. मूळ माणसाला विचारलं नसतं तर हा गैरसमज तसाच चालू राहिला असता.

दुसरा प्रकार : विचारणारी समोर बसते

भारतातलं उदाहरण म्हणजे 'मेड इन इंडिया'. आधी रेडिओवर काम केलेल्या मे मरियम थॉमस यांनी तो २०१५ मध्ये सुरू केला. भारतातल्या स्वतंत्र कलाकारांना बोलवायचं, गप्पा मारायच्या आणि मोजक्या वाद्यांवर त्यांच्याकडून गाणी वाजवून घ्यायची, असं त्याचं रूप. इथे विचारणारी लपत नाही. ती हसते, मध्येच अडवते, पुन्हा विचारते.

हिरवे यांच्या कार्यक्रमात कलाकार जणू निबंध वाचतोय असं वाटतं. इथे माणूस बोलता बोलता विचार करताना सापडतो. उत्तर द्यायला लागलेला वेळ, 'म्हणजे कसं सांगू' असं अडखळणं, हेही ऐकू येतं. पहिल्या प्रकारात गाणं नीट कळतं, दुसऱ्यात माणूस कळतो.

तिसरा प्रकार : विचारणारा कुणालाच विचारत नाही

अँड्र्यू हिकी हे ब्रिटिश लेखक २०१८ पासून 'अ हिस्टरी ऑफ रॉक म्युझिक इन फाइव्ह हंड्रेड साँग्ज' हा पॉडकास्ट एकट्याने करताहेत. पाचशे गाणी, सुरुवातीला प्रत्येक गाण्याला एक भाग. सुरुवात बेनी गुडमन यांच्या 'फ्लाइंग होम'पासून, म्हणजे रॉक हा शब्द रूढ होण्याच्याही आधीपासून. सुरुवातीचे भाग साधारण अर्ध्या तासाचे होते. 'ग्रेटफुल डेड'वरचा भाग मात्र चार तासांहून लांब आहे! पैसा येतो तो मुख्यतः ऐकणाऱ्यांच्या वर्गणीतून.

इथे मुलाखती नाहीत. हिकी पुस्तकं वाचतात, जुन्या मुलाखती एकमेकींशी ताडून बघतात आणि चार जणांनी चार गोष्टी सांगितल्या असतील तर त्यातली कोणती पटण्यासारखी आहे ते कारणासह सांगतात. कारण कलाकारही विसरतो. कधी शंभरदा सांगून सांगून गोष्ट गुळगुळीत होते, कधी सोबत्याचं श्रेय नकळत गळून पडतं. फक्त कलाकाराच्या शब्दावर विसंबणं म्हणजे आत्मचरित्रालाच इतिहास मानणं.

आता सुरुवातीच्या वादाकडे येते. रोलाँ बार्थ यांचा 'लेखकाचा मृत्यू' हा निबंध आपल्याला अभ्यासाला येतो, आणि परीक्षेपुरतं आपण लेखकाला बाजूला ठेवतो. या पॉडकास्टनी मला वेगळी वाट दाखवली. लेखकाला बोलू द्यावं, नीट ऐकावं आणि त्याचं म्हणणं एक साक्ष म्हणून घ्यावं, निकाल म्हणून नव्हे. 'लूझिंग माय रिलिजन'चा अर्थ स्टाइपने सांगितल्यावर गैरसमज संपतो, पण ते गाणं ऐकताना कुणाला स्वतःची श्रद्धेची घालमेल आठवली तर तिला खोटं ठरवण्याचा अधिकार त्यालाही नाही.

गाणं वाजवायचं की नाही?

एक व्यवहाराची अडचणही समजून घ्यायला हवी. एका गाण्यात दोन हक्क असतात: शब्द-चालीचा एक आणि ध्वनिमुद्रणाचा दुसरा. दोन्हींचे मालक वेगळे असू शकतात. रेडिओला गाणी वाजवण्यासाठी जो परवाना मिळतो तो पॉडकास्टला आपोआप लागू होत नाही. म्हणून कित्येक कार्यक्रमांत गाण्यावर भरपूर बोलणं असतं आणि गाणं मात्र नसतं, किंवा छोटे तुकडे असतात. 'तीस सेकंदांपर्यंत चालतं' असं मुलं छातीठोकपणे सांगतात. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये समीक्षेसाठी रास्त वापराची मुभा जरूर आहे, पण सेकंदांचा आकडा तिथे कुठेही नाही. कलाकार स्वतः स्वतंत्र असेल आणि दोन्ही हक्क त्याच्याकडेच असतील, तर मात्र त्याची एक लेखी परवानगी पुरते. असे कार्यक्रम स्वतंत्र कलाकारांभोवती का जमतात, त्याचं हेही एक कारण.

आपल्याकडे काय उरलं?

इथे माझा खरा मुद्दा येतो. भारतात रॉक काल-परवाचं नाही. १९७० आणि १९७१ च्या 'सिम्ला बीट' स्पर्धेतल्या बँडच्या दोन तबकड्या निघाल्या. मुंबईत १९८४ मध्ये 'रॉक मशीन' हा बँड उभा राहिला, जो पुढे 'इंडस क्रीड' झाला. महेश तिनईकर त्याचे गिटारवादक. त्याच वर्षी रेमो फर्नांडिस यांनी 'गोवन क्रेझी' हा अल्बम शिवोलीतल्या आपल्या घरीच ध्वनिमुद्रित केला आणि त्याच्या कॅसेट स्वतः स्कूटरवरून दुकानांत पोचवल्या. १९९३ मध्ये अलाहाबादहून 'रॉक स्ट्रीट जर्नल' हे मासिक निघालं आणि मुलाखती छापल्या जाऊ लागल्या. पण सिम्ला बीटच्या काळात कुणी टेपरेकॉर्डर घेऊन त्या सगळ्या पोरांसमोर बसलं असतं तर? गाणी दोन तबकड्यांत राहिली. ती कशी झाली याची बोलकी नोंद फार थोडी.

विचारलं की काय मिळतं, याचं उदाहरण शेजारच्याच क्षेत्रात आहे. मुंबईच्या सिनेसंगीतात कित्येक गोवेकर वादकांनी आयुष्य घालवलं, पण तबकडीच्या वेष्टनावर त्यांची नावं नसायची. ग्रेगरी बूथ या अभ्यासकाने अशा वादकांना गाठून मुलाखती घेतल्या आणि २००८ मध्ये 'बिहाइंड द कर्टन' हे पुस्तक आलं. कोण कुठे बसून काय वाजवत होतं ते तेव्हा जगाला कळलं. काही वर्षं उशीर झाला असता, तर सांगणारेच उरले नसते.

आपल्या आसपास असे लोक आजही आहेत. लग्नाच्या बँडमध्ये ट्रंपेट वाजवलेले आजोबा, कॉलेजात बँड काढून नंतर नोकरीला लागलेले काका, आत्ता खोलीत बसून लॅपटॉपवर गाणी करणारी आपल्याच वर्गातली मुलं. त्यांना विचारायला स्टुडिओ लागत नाही. फोन, पंखा बंद केलेली खोली आणि थोडी तयारी पुरते. 'तुमची प्रेरणा कोण?' असलं विचारू नका. त्याला पाठ केलेलंच उत्तर येतं. 'दुसऱ्या कडव्यात ड्रम का थांबतो?', 'हे वाद्य पहिल्यांदा हातात कुठे आलं?' असं नेमकं विचारा. उत्तर आल्यावर लगेच पुढचा प्रश्न टाकू नका. चार क्षण गप्प बसलं की खरी गोष्ट बाहेर येते. परवानगी लेखी घ्या, फाइल दोन ठिकाणी ठेवा, तारीख आणि नाव लिहा.

मराठीत बोललेलं असेल तर मराठीतच ठेवा. त्यात कोकणी, कानडी, इंग्रजी मिसळलं तरी काढू नका. आपण बोलतोच तसं.

मंडळाने पुढच्या सत्रात अशा निदान पाच मुलाखती करायचं ठरवावं, असं मी सुचवते. विचारणारा कुठे बसायचा ते आपण हळूहळू शिकू. सध्या त्याने जाऊन बसायला हवं, एवढंच.