दोन चाकं, एक रस्ता (भाग ७) : वेग शेवटच्या गाडीचा

मागच्या भागात निघण्यापूर्वीची तपासणी झाली. आता निघू. दहा गाड्यांचा ग्रुप, पावसाळी सकाळ आणि पुण्याहून पिरंगुट, पौड, मुळशी करत ताम्हिणी घाट. हा रस्ता मुद्दाम घेतला, कारण गावं, गतिरोधक, धुकं आणि वळणं सगळं इथे एकापाठोपाठ भेटतं.

ग्रुपमध्ये लीड कोण करणार यावर बरीच चर्चा होते. खरी ओढाताण मात्र शेवटच्या दोघातिघांची होते. हिशोब करून बघा. गावातला गतिरोधक आला. प्रत्येकाने पुढच्यापेक्षा जेमतेम एक सेकंद उशिरा वेग घेतला, तरी दहाव्या गाडीपर्यंत तो उशीर ९ सेकंदांचा होतो. लीड तोवर ताशी ६० ने निघाला असेल, तर मधलं अंतर १५० मीटरने वाढलं. ते भरून काढायला शेवटच्याला ताशी ८० ने जवळजवळ अर्धा मिनिट, म्हणजे ६०० मीटर गाडी हाणावी लागते. तीही ओल्या रस्त्यावर, आणि बहुधा तो ग्रुपमधला सगळ्यात नवखा असतो! पुढचे म्हणतात, ‘आम्ही तर साठनेच चाललो होतो.’ ते खरंच बोलत असतात.

म्हणून गतिरोधक ओलांडल्यावर लीडने लगेच पिळायचं नाही. सगळी रांग पार होईपर्यंत रमतगमत जायचं. नवख्याला लीडच्या पाठोपाठ ठेवायचं आणि सगळ्यात मुरलेल्याला शेवटी, स्वीप म्हणून. मधल्या प्रत्येकाने आपल्या मागच्या गाडीचा दिवा आरशात जपायचा. तो दिसेनासा झाला की आपण हळू व्हायचं. मग आपल्या पुढचा हळू होतो, आणि निरोप आपोआप लीडपर्यंत पोचतो.

सरळ रस्त्यावर रांग आडव्या-तिरक्या मांडणीची. लीड लेनच्या उजव्या अंगाला, दुसरा डाव्या, तिसरा पुन्हा उजव्या. आपल्याच अंगाच्या पुढच्या गाडीपासून किमान दोन सेकंद, पावसात त्याच्या दुप्पट. घाट लागला की ही मांडणी मोडून एकामागे एक, कारण वळणावर प्रत्येकाला अख्खी लेन लागते. जोडीने गप्पा मारत जाणं कुठेच नको.

ओव्हरटेकचं मला सर्वाधिक भय वाटतं. समोर एसटी आहे, लीड पुढे गेला आणि त्याने हात हलवून ‘या’ म्हटलं. त्याने पाहिलेला मोकळा रस्ता त्याच्यापुरता होता. तिसरा-चौथा निघेपर्यंत समोरून टेम्पो आलेला असू शकतो. त्यामुळे प्रत्येकाने स्वतः बघायचं, स्वतः ठरवायचं. मागे राहिलो तर राहिलो. आणि पुढे गेलेल्याने एसटीसमोर येताच वेग कमी करायचा नाही, नाहीतर मागून येणाऱ्याला शिरायला जागाच उरत नाही.

पण ‘राहिलो तर राहिलो’ म्हणायला चुकण्याची भीती जायला हवी. घाट उतरल्यावर विळ्याला एक रस्ता निजामपूर-माणगावकडे जातो, दुसरा कोलाडकडे. अशा फाट्यावर लीडच्या मागच्याने सुरक्षित जागी थांबायचं, येणाऱ्या प्रत्येकाला दिशा दाखवायची आणि स्वीप दिसल्यावर त्याच्या पुढे रांगेत शिरायचं. पुढच्या फाट्यावर तेव्हा जो दुसरा असेल तो थांबेल. ही पद्धत एकदा अंगवळणी पडली की कुणी कुणाला गाठायला धावत नाही. नेटवर्क नसलं तरी अडत नाही.

गाडी बंद पडली तर स्वीप थांबतो. पंक्चरचं सामान आणि प्रथमोपचाराची पेटी त्याच्याकडेच हवी. बाकीच्यांनी घाटातल्या वळणावर गर्दी न करता पुढच्या रुंद, मोकळ्या जागी जाऊन वाट बघायची. दुखापत असेल तर १०८ ला फोन करायचा आणि जवळच्या मैलाच्या दगडावरचा आकडा सांगायचा.

पुढच्या आठवड्यात मागे बसणाऱ्याविषयी.